गाठ आणि तिचा शेजार: पेशींची देवघेव प्रकाशात कशी दिसते

वसमतच्या बाजारातून आणलेल्या हळदीची चिमूटभर पूड दोन काचेच्या वाट्यांत टाकावी. एका वाटीत साधे पाणी ओतावे आणि दुसरीत औषधाच्या दुकानात मिळणारे स्पिरिट. मग खोलीत अंधार करून, दुकानदार नोटा तपासायला वापरतात तो जांभळा दिवा दोन्ही वाट्यांवर धरावा. दिव्याकडे थेट पाहू नये, वाट्यांकडे पाहावे. पाण्याची वाटी जवळजवळ तशीच मंद राहते. स्पिरिटची वाटी मात्र हिरवट-पिवळ्या उजेडाने अशी भरून येते की तिच्या आतच कोणी दिवा लावला असावा असे वाटते. हळद तीच आणि दिवाही तोच. फरक इतकाच, की हळदीतील कर्क्युमिन हा रेणू पाण्यात नीट विरघळत नाही, आणि जो थोडा विरघळतो त्याने दिव्याकडून घेतलेली ऊर्जा प्रकाश न होता बहुतांशी उष्णता होऊन निघून जाते. स्पिरिटच्या सहवासात तोच रेणू घेतलेली ऊर्जा प्रकाश म्हणून परत करतो.

महाविद्यालयातील माझ्या वर्गात मी दरवर्षी हा प्रयोग करून दाखवते. रेणू कोणता आहे यावर त्याचे उजळणे अवलंबून असतेच, पण तो कोणाच्या सहवासात आहे यावरही ते अवलंबून असते, ही गोष्ट मुलांच्या मनात एकदा बसली की पुढचे पुष्कळ काही सोपे होते. कॅन्सर संशोधनातील ज्या शाखेबद्दल मला येथे लिहायचे आहे, तिचा पाया नेमका हाच आहे. गाठीतील पेशी आणि तिच्या शेजारच्या निरोगी पेशी यांच्यात अन्नाची जी देवघेव चालते, ती पेशी न फोडता, न मारता, केवळ प्रकाश टाकून आणि परत आलेला प्रकाश वाचून पाहता येते.

प्रथम शेजाराबद्दल सांगायला हवे, कारण कॅन्सरची गाठ म्हणजे बिघडलेल्या पेशींचा एक गोळा, अशी आपली समजूत असते आणि ती अपुरी आहे. गाठ कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर तिच्यात कॅन्सरच्या पेशींबरोबर रक्तवाहिन्या दिसतात, शरीराचे रक्षण करणाऱ्या टी-पेशी आणि इतर प्रतिकारक पेशी दिसतात, मेदपेशी दिसतात, आणि ऊतींना आधार देणारे कोलॅजनचे धागे विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी दिसतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये तर गाठीचा बराच मोठा भाग या शेजाऱ्यांचा आणि त्यांनी विणलेल्या धाग्यांचाच असतो. हे शेजारी जन्माने निरोगी असतात, पण गाठीशेजारी राहून त्यांचे वागणे बदलते, आणि त्यांच्या बदललेल्या वागण्यावर गाठीचे वाढणे काही प्रमाणात अवलंबून असते.

आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे फार समजावून सांगावे लागत नाही. बांधापलीकडच्या शेतात खोल बोअर पडला की आपल्या उथळ विहिरीचे पाणी खाली जाते. जमिनीवर बांध असतो, जमिनीखाली नसतो. पेशींचेही तसेच आहे. प्रत्येक पेशीला स्वतःचे आवरण असते, पण सगळ्यांच्या भोवतीचा द्रव एकच असतो. त्यातून एक पेशी ग्लुकोज उपसते, तेव्हा दुसरीच्या वाट्याचे कमी होते. २०१५ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून हे स्पष्टपणे पुढे आले की गाठीतील पेशी ग्लुकोज इतक्या वेगाने ओढून घेऊ शकतात की शेजारच्या टी-पेशींची उपासमार होते, आणि गाठीशी लढायला आलेल्या त्या पेशी लढण्याच्या अवस्थेतच राहत नाहीत.

पण नुसता उपसाच होतो असे नाही. शेजारी एकमेकांना देतातही, आणि माझ्या मते या विषयातील खरी नवलाई तेथे आहे. ती कळण्यासाठी पेशीच्या चुलीपाशी थोडे थांबले पाहिजे.

पेशीत शिरलेल्या ग्लुकोजच्या एका रेणूचे दोन तुकडे होतात. या तुकड्यांना पायरुवेट म्हणतात. एवढ्या कामातून पेशीला एटीपी या ऊर्जेच्या चलनाचे निव्वळ दोन रेणू मिळतात. ऑक्सिजन उपलब्ध असेल तर निरोगी पेशी हे तुकडे तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत), म्हणजे आपल्या आतील ऊर्जाघरांत, पाठवते, तेथे ते पूर्ण जळतात, आणि एकूण मिळकत सुमारे तीस एटीपीपर्यंत जाते. ऑक्सिजन कमी पडला तर पायरुवेटचे लॅक्टेट केले जाते आणि ते पेशीबाहेर टाकले जाते. दुधाचे दही होताना जीवाणू जे लॅक्टिक आम्ल तयार करतात, त्याच कुळातले हे लॅक्टेट. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वॉरबर्ग यांनी १९२० च्या दशकात गाठींचे पातळ काप घेऊन मोजमापे केली, तेव्हा त्यांना आढळले की भरपूर ऑक्सिजन असतानाही गाठीच्या पेशी ग्लुकोजचे लॅक्टेट करीत राहतात. वॉरबर्ग यांना १९३१ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते पेशींच्या श्वसनातील विकरावरील (एन्झाइमवरील) कामासाठी. पण त्यांचे नाव आज सर्वाधिक घेतले जाते ते या निरीक्षणासाठी. गाठीतील तंतुकणिका बिघडलेल्या असल्यामुळे असे होते, हा त्यांचा निष्कर्ष मात्र टिकला नाही. बहुतेक गाठींत तंतुकणिका चालू स्थितीत असतात. वेगाने दुप्पट होणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकीच बांधकामाच्या सामानाचीही गरज असते, आणि ग्लुकोज अर्धवट वापरल्याने ते सामान वाटेत काढून घेता येते, असे आज मानले जाते.

ज्यांच्या घरातील कोणाचा पेट स्कॅन झाला आहे त्यांनी वॉरबर्ग यांचे हे निरीक्षण प्रत्यक्ष पाहिले आहे. रुग्णाला उपाशीपोटी बोलावतात, ग्लुकोजसारखा एक रेणू किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडून शिरेतून देतात आणि त्याला शांत पडून राहायला सांगतात. गाठ तो रेणू इतर भागांपेक्षा जास्त ओढते, म्हणून ती पडद्यावर चमकते. त्या फ्लोरिनचे प्रमाण दर सुमारे ११० मिनिटांत निम्मे होते, त्यामुळे वेळेचे गणित काटेकोर असते.

येथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. आमच्या काकांना गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर झाला तेव्हा पेट स्कॅनचे ऐकून घरातील कोणीतरी ठरवले की कॅन्सर साखरेवर वाढतो, म्हणून साखर, गूळ, फळे, दूध सगळे बंद. आधीच तोंड उघडत नव्हते, त्यात पातळ वरणात कुस्करलेली भाकरी तेवढी उरली. दोन महिन्यांत माणूस निम्मा झाला. वस्तुस्थिती अशी आहे की माणूस उपाशी राहिला तरी यकृत रक्तातील ग्लुकोजची पातळी सांभाळून ठेवते, आणि गरज पडली तर स्नायूंतील प्रथिने मोडून ग्लुकोज तयार करते. ताटातली साखर काढल्याने गाठ उपाशी राहत नाही; रुग्णाचे मांस मात्र झडते आणि उपचार सोसण्याची ताकद कमी होते. काय खावे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना विचारून ठरवावे.

आता लॅक्टेटकडे परत येऊ. पुष्कळ वर्षे ते केवळ टाकाऊ समजले जाई, राखेसारखे. पण शरीरात ते कधीच टाकाऊ नव्हते. धावताना स्नायू लॅक्टेट सोडतात आणि हृदयाचे स्नायू ते इंधन म्हणून वापरतात. यकृत त्याचे पुन्हा ग्लुकोज करते, आणि या चक्राला ज्यांचे नाव आहे त्या कार्ल व गर्टी कोरी या दांपत्याला १९४७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. २००८ मध्ये असे दाखवले गेले की गाठीतही हेच घडते. रक्तवाहिनीपासून दूर, ऑक्सिजनच्या टंचाईत राहणाऱ्या पेशी ग्लुकोज वापरून लॅक्टेट सोडतात, आणि रक्तवाहिनीजवळच्या पेशी ते लॅक्टेट जाळून जगतात, त्यामुळे जवळच्या पेशींनी न वापरलेले ग्लुकोज दूरच्या पेशींपर्यंत पोहोचते. पुढच्याच वर्षी, २००९ मध्ये, याहून धाडसी कल्पना मांडली गेली: काही गाठींत कॅन्सरच्या पेशी शेजारच्या फायब्रोब्लास्टना असे वागायला लावतात की लॅक्टेट ते बनवतात आणि कॅन्सरच्या पेशी ते खातात. याला ‘उलटा वॉरबर्ग परिणाम’ असे नाव पडले. लॅक्टेटची ही ने-आण पेशींच्या आवरणातील विशिष्ट प्रथिनांच्या दारांतून होते. त्यांपैकी एमसीटी४ हे दार मुख्यतः लॅक्टेट बाहेर सोडण्यासाठी, तर एमसीटी१ हे अनेक पेशींत ते आत घेण्यासाठी वापरले जाते.

देवघेव लॅक्टेटपुरती मर्यादित नाही. अंडाशयाचा कॅन्सर पोटातील चरबीच्या पदराकडे का पसरतो, याचे एक उत्तर २०११ मध्ये मिळाले, ते असे की तेथील मेदपेशी त्याला मेदाम्ले पुरवतात. स्वादुपिंडातील शेजारी पेशी स्वतःचेच घटक मोडून ॲलानिन हे अमिनो आम्ल बाहेर सोडतात आणि गाठ ते वापरते, हे २०१६ मध्ये दिसून आले.

हे सगळे ऐकताना एक प्रश्न मनात यायला हवा: कोण देतो आणि कोण घेतो, हे कळते कसे? जुनी पद्धत अशी, की ऊतीचा तुकडा घ्यायचा, तो वाटायचा आणि त्यात काय किती आहे ते रसायनशाळेत मोजायचे. ही पद्धत अचूक आहे, आजही तिच्यावाचून चालत नाही. पण तिचे दुखणे दूध संकलनाच्या टँकरसारखे आहे. गावोगावचे दूध एकदा टँकरमध्ये एकत्र झाले की फॅट किती हे सांगता येते, पण कोणाच्या किटलीत पाणी होते हे सांगता येत नाही. वाटलेल्या ऊतीत देणारा आणि घेणारा एक होऊन जातात. शिवाय वाटलेली पेशी मेलेली असते. ती दहा मिनिटांनंतर काय करणार होती, हे तिला विचारता येत नाही.

प्रकाशाची पद्धत येथे उपयोगी पडते, आणि तिचे सुदैव असे की पेशीच्या चुलीतील एक महत्त्वाचा रेणू स्वतःच उजळतो. त्याचे नाव एनएडीएच. अन्न मोडताना सुटणारे इलेक्ट्रॉन उचलून नेणारा हा हमाल आहे. ओझे डोक्यावर असताना तो एनएडीएच असतो, ओझे उतरवले की एनएडी होतो. ओझे असलेल्या हमालावर सुमारे ३४० नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश टाकला तर तो सुमारे ४६० नॅनोमीटरचा निळा प्रकाश परत देतो. रिकामा हमाल असे काही करत नाही. दुसरा हमाल एफएडी याचे नेमके उलटे आहे. तो रिकामा असताना निळ्या प्रकाशाला सुमारे ५३० नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाने उत्तर देतो आणि ओझे घेतले की जवळजवळ मुका होतो. प्रकाश शोषून जास्त तरंगलांबीचा प्रकाश परत देण्याच्या या गुणाला प्रतिदीप्ती म्हणतात.

हे दोन्ही हमाल आपल्याला परके नाहीत. बी-कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी गडद पिवळी होते ती ज्या रायबोफ्लेविनमुळे, त्यापासूनच शरीर एफएडी बनवते. एनएडी बनते ते नायसिनपासून, आणि ज्वारीवरच दिवस काढणाऱ्या दख्खनच्या गरीब कुटुंबांत नायसिनच्या अभावी होणाऱ्या पेलाग्रा या आजाराचा अभ्यास हैदराबादच्या पोषण संशोधकांनी १९६० च्या सुमारास केला होता.

अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रिटन चान्स यांनी गेल्या शतकाच्या मध्यापासून या उजळण्याचा पद्धतशीर उपयोग सुरू केला. एनएडीएच आणि एफएडी यांच्या प्रकाशाचे गुणोत्तर काढले तर पेशीत भरलेले हमाल जास्त आहेत की रिकामे, म्हणजे तिची चूल कोणत्या स्थितीत चालली आहे, याचा अंदाज येतो. पेशीत कोणताही रंग घालावा लागत नाही, कोणतेही जनुक बदलावे लागत नाही.

मात्र गुणोत्तरावर फार विसंबणे धोक्याचे आहे, कारण एकच आकडा दोन वेगवेगळ्या कारणांनी येऊ शकतो. म्हणून संशोधक आणखी एक गोष्ट मोजतात, आणि येथे आपल्या दोन वाट्या परत येतात. एनएडीएच पेशीत मोकळा फिरत असेल तर प्रकाश घेतल्यापासून तो परत देईपर्यंत सरासरी ०.४ नॅनोसेकंद जातात. तोच रेणू एखाद्या विकराला चिकटून काम करीत असेल तर हा काळ कित्येक पटींनी वाढतो, साधारणपणे दोन ते तीन नॅनोसेकंदांच्या घरात जातो, आणि कोणत्या विकराला चिकटला आहे त्याप्रमाणे बदलतो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्यात प्रकाश सुमारे तीस सेंटिमीटर जातो. म्हणजे मोकळ्या एनएडीएचचा निरोप येईपर्यंत प्रकाशाने अर्धी वीत ओलांडलेली असते, आणि विकराला चिकटलेल्याचा येईपर्यंत दीड हात. एवढ्या बारीक फरकाची नोंद प्रत्येक प्रकाशकणासाठी ठेवणारी उपकरणे आज आहेत, आणि त्यांच्या साहाय्याने सूक्ष्मदर्शकातील चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला त्याचा काळ लिहिता येतो. ढोबळमानाने, ग्लुकोज अर्धवट वापरून लॅक्टेट करणाऱ्या पेशीत मोकळ्या एनएडीएचचा वाटा जास्त आढळतो, आणि तंतुकणिकांवर भर देणाऱ्या पेशीत चिकटलेल्याचा.

अतिनील प्रकाश पेशींना इजा करतो, ही अडचणही सुटलेली आहे. मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रबंधात असे भाकीत केले होते की कमी ऊर्जेचे दोन प्रकाशकण एकाच क्षणी रेणूवर आदळले तर दोघांची ऊर्जा मिळून एका मोठ्या कणाचे काम होते. लेसर आल्यावर ते खरे ठरले, आणि १९९० मध्ये त्यावर आधारलेला सूक्ष्मदर्शक तयार झाला. आता एनएडीएचसाठी ३४० ऐवजी सुमारे ७५० नॅनोमीटरचा, दृश्य लालाच्या पलीकडे जाणारा प्रकाश वापरतात. तो पेशींना कमी दुखावतो आणि ऊतीत अधिक खोल, काही शतांश मिलिमीटर ते अर्धा मिलिमीटर, उतरतो.

आता एक प्रयोग डोळ्यांसमोर आणा. काचेच्या चकतीत एका बाजूला कॅन्सरच्या पेशी, दुसऱ्या बाजूला फायब्रोब्लास्ट, मध्ये कोलॅजनचा मऊ थर, ज्यातून रेणू जाऊ शकतात पण पेशींना सहज सरकता येत नाही. प्रथम दोन्ही प्रकारच्या पेशी वेगवेगळ्या ठेवून त्यांचा प्रकाश मोजायचा, मग एकत्र ठेवून. समजा, शेजार मिळाल्यावर कॅन्सरच्या पेशींतील एनएडीएच वाढले. याचा अर्थ लॅक्टेट आत आले असा लावता येईल, कारण लॅक्टेटचे परत पायरुवेट होताना रिकाम्या हमालाच्या डोक्यावर ओझे चढते आणि एनएडीएच तयार होते. पण ‘लावता येईल’ एवढ्यावर विज्ञान थांबत नाही. पुढची पायरी म्हणजे एमसीटी१ हे दार बंद करणारे रसायन चकतीत टाकणे. त्यानंतर तीच वाढ नाहीशी झाली, तर लॅक्टेट त्या दारातूनच येत होते या म्हणण्याला बळ मिळते. मग शेजारी न ठेवता नुसते लॅक्टेट घालून तोच बदल होतो का, हे पाहतात. आणि शेजाऱ्यांच्या जागी त्यांनी वापरून सोडलेला द्रव घालून पाहतात, म्हणजे निरोप स्पर्शाने पोहोचतो की द्रवातून, हे कळते. या सगळ्यात पेशी जिवंत असतात. आज पाहिलेली पेशी उद्या त्याच जागी पुन्हा पाहता येते.

तरीही एनएडीएचचा प्रकाश हा चुलीचा धूर आहे. धुरावरून चूल पेटली हे कळते, पण सरपण कोणाच्या अंगणातून आले हे कळत नाही. ते कळण्यासाठी दुसरी पद्धत लागते, आणि ती आपल्याच देशात जन्मली. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्या साथीने कोलकात्यात २८ फेब्रुवारी १९२८ रोजी जो परिणाम नोंदवला, ज्याच्या स्मरणार्थ आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो, तो असा: रेणूवर पडून विखुरलेला प्रकाश बहुतांशी आपल्या मूळ रंगाचाच राहतो, पण साधारण एक कोटी प्रकाशकणांपैकी एखादा रेणूच्या कंपनाला थोडी ऊर्जा देऊन, क्वचित तिच्याकडून घेऊन, किंचित वेगळ्या रंगाचा होऊन निघतो. रंगातील हा फरक रेणूतील बंधांच्या कंपनाइतका असतो. मेद, प्रथिने आणि डीएनए यांचे बंध वेगवेगळ्या गतीने कंप पावतात, म्हणून प्रत्येकाची खूण वेगळी उमटते.

गोंधळ्याच्या तुणतुण्याला एकच तार असते. तेवढ्याच ताणाने जड तार लावली तर सूर खाली उतरतो. रेणूंतही तेच होते. कार्बनला जोडलेल्या साध्या हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट जड भाऊ ड्युटेरियम बसवला तर बंध तसाच राहतो, पण कंपन मंदावते: सुमारे २९०० वर उमटणारी खूण २१०० ते २२०० च्या आसपास सरकते. (हे आकडे तरंगसंख्येचे, म्हणजे एका सेंटिमीटरमधील तरंगांचे.) आणि नेमक्या त्या पट्ट्यात पेशीतील नेहमीचे रेणू जवळजवळ काहीच सूर लावत नाहीत. शांत गावात रात्री एकच तुणतुणे वाजावे, तसा तो सूर वेगळा ऐकू येतो.

आता मेदपेशींना ड्युटेरियम घातलेले मेदाम्ल खाऊ घालायचे, बाहेर उरलेले धुऊन टाकायचे, आणि मग त्या कॅन्सरच्या पेशींच्या शेजारी ठेवायच्या. काही तासांनी कॅन्सरच्या पेशीतील चरबीच्या थेंबांतून तो खालचा सूर ऐकू आला, तर मेद कोणाच्या घरातून आला याबद्दल फारशी शंका उरत नाही. ड्युटेरियम इतके लहान असते की रेणूचे वागणे फारसे बदलत नाही. चमकणाऱ्या रंगाचा मोठा रेणू मेदाम्लाला चिकटवला असता तर ते मेदाम्ल राहिलेच नसते. म्हणूनच ही खूण मला सर्वांत प्रामाणिक वाटते. अडचण होती ती मंद प्रकाशाची, कारण कोटीतील एका कणाने चित्र उभे राहायला फार वेळ लागे. २००८ मध्ये दोन लेसर एकत्र वापरून कंपनाला जोर देणारी पद्धत जैविक चित्रांसाठी वापरात आली, आणि तेव्हापासून जिवंत पेशींची अशी चित्रे काही सेकंदांत मिळू लागली. अवरक्त प्रकाशही कंपने वाचतो, पण पाणी तो भरभरून शोषते आणि पेशीत पाणीच जास्त, म्हणून या कामी त्याची मर्यादा पडते.

मर्यादा सगळ्याच पद्धतींना आहेत, आणि त्या लपवून या विषयाचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही. एनएडीएच आणि त्याचा जुळा भाऊ एनएडीपीएच एकाच रंगात उजळतात, केवळ रंगावरून ते वेगळे करता येत नाहीत, आणि दोघांची कामे वेगळी आहेत. कोलॅजनचे धागेही अतिनील प्रकाशात उजळतात आणि रक्तातील हिमोग्लोबिन प्रकाश गिळते, त्यामुळे खऱ्या ऊतीत आकडा शुद्ध करून घ्यावा लागतो. प्रकाश मिलिमीटरभरही नीट आत जात नाही, म्हणून पोटातील गाठीपर्यंत दुर्बिणीवाटे किंवा शस्त्रक्रियेच्या वेळीच पोहोचावे लागते.

तोंड मात्र उघडता येते, आणि मराठवाड्याला याचे महत्त्व सांगायला नको. तंबाखू-चुना, मिसरी आणि २०१२ पासून राज्यात बंदी असूनही मिळणारा गुटखा, यांच्या खुणा आपल्याकडच्या कितीतरी तोंडांत आहेत. सुपारीने होणाऱ्या सबम्युकस फायब्रोसिसमध्ये तोंड हळूहळू उघडेनासे होते, कारण गालाच्या अस्तराखालील फायब्रोब्लास्ट कोलॅजन विणतच राहतात आणि ते मोडण्याचे काम मंदावते. कॅन्सर होण्याच्या कितीतरी आधी तेथील शेजार बिघडलेला असतो. निळ्या प्रकाशात निरोगी अस्तर हिरवट उजळते आणि बिघडलेली जागा काळपट दिसते, यावर आधारलेले दिवे काही दंतवैद्य वापरतात. पण साध्या सुजेनेही जागा काळपट दिसते, म्हणून निर्णय तुकड्याच्या तपासणीवरच होतो. रामन यांच्या पद्धतीने तोंडाचे अस्तर तपासण्याचे काम नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात झाले आहे. तीन आठवड्यांत न भरलेली तोंडातली जखम डॉक्टरांना दाखवायला मात्र यांपैकी कोणत्याही यंत्राची वाट पाहण्याची गरज नाही.

देवघेव कळली तर ती तोडता येईल, ही आशा स्वाभाविक आहे. एमसीटी१ हे दार बंद करणारे एझेडडी३९६५ नावाचे औषध रुग्णांवरील पहिल्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत पोहोचले. तेथे मात्रा किती वाढवावी याची हद्द मुख्यतः डोळ्यांच्या पडद्यातील बदलांनी ठरवली, आणि ते बदल औषध थांबवल्यावर परत फिरणारे होते. कारण आता वाचकाच्या लक्षात येईल: डोळ्याचा पडदाही लॅक्टेटची ने-आण याच दारांतून करतो. निरोगी शेजाऱ्यांची देवघेव न मोडता गाठीचीच मोडायची, तर कोणत्या रुग्णाची गाठ खरोखर शेजाऱ्याच्या लॅक्टेटवर जगते, हे आधी कळायला हवे.

त्यासाठी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचे पातळ काप तासाभराच्या आत पोषक द्रवात ठेवले जातात. एका कापावर औषध घालतात, दुसऱ्यावर घालत नाहीत, आणि दोन्हींचा प्रकाश आज, उद्या, परवा मोजतात. पेशीची तुलना शेजारणीशी करता येते आणि तिच्या स्वतःच्या कालच्या स्थितीशीही. त्या कापात फायब्रोब्लास्ट, मेदपेशी, टी-पेशी आपापल्या जागी असतात, जशा रुग्णाच्या शरीरात होत्या. फक्त रक्त वाहत नाही. त्याची जागा द्रव घेतो, आणि ही सोय दोन-तीन दिवसच पुरते.